पाटावरचा डबा

पंजाबरावची धाकटी बहीण अन्नपूर्णा ज्या वैशाखात चिखलीला दिली, ते साल एकोणीसशे त्रेसष्ट. वरवट बकालात मात्र हे साल कोणी आकड्यानं सांगत नाही. पंगत बसली आणि वावटळीनं मांडव उचलून कडब्याच्या गंजीवर नेऊन ठेवला, ते साल, असं सांगतात. मांडव गेला याचं पंजाबरावला फारसं वाटलं नाही. त्याला वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पाठवणीच्या वेळी त्याची माय जनकाबाई लेकीच्या गालावरून हात फिरवायला गेली, तर तिची बोटं उघडेनात. लग्नाचं दळण दळता दळता जात्याच्या खुंट्याभोवती ती जशी वळली होती, तशीच राहिली होती. मिटल्या मुठीनंच तिनं लेकीची दृष्ट काढली.

पंजाबराव सोसायटीत कारकून होता. कारकुनाचा संताप आतल्या आत असतो आणि फार दिवस टिकतो. त्यानं ठरवलं, माईच्या हातचं जातं सोडवायचं. दसऱ्याला गावात इंजिनावरची पीठगिरणी उभी राहिली. गावात वीज नव्हती. ती यावी म्हणून ग्रामपंचायतीचा अर्ज तालुक्याला पडून होता. म्हणून तेलावरचं इंजिन. खोली समोरच्या गोजरबाईची, भाड्यानं. दारावर पाटी रंगवली, ‘जनकाबाई पीठ गिरणी’. सगळा गाव जनकाबाईच्या गिरणीवर दळू लागला, एक जनकाबाई सोडून.

“त्या लोखंडात पीठ जळते,” ती म्हणायची. “मले भाकर खायाची हाय, राख नाई.”

“माय, एक डाव येऊन तं पाह्य.”

“पाह्यलं. भल्ला धूर निघते.”

पंजाबराव रोज विचारायचा आणि ती रोज नाही म्हणायची. असं करत पौष आला. हवा इतकी कोरडी आणि थंड की ओठ फुटत होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, कोणाला कळलं नाही कसं, पण माय म्हणाली, “बरं. उद्याच्या भाकरीची ज्वारी घेऊन येतो मी.”

आता माय पहिल्यांदा गिरणीवर येणार म्हटल्यावर पंजाबराव काही साधं करणार नव्हता. अन्नपूर्णेच्या नवऱ्याचं चिखलीत कापडाचं दुकान होतं. त्यानं नायलॉनचा एक झुळझुळीत तुकडा पाठवला होता, गिरणीच्या तोंडाला लावायला. त्याला पीठ चिकटत नाही म्हणे. पंजाबरावनं जुनी मांजरपाटाची नळी काढून ती नायलॉनची बांधली. जमीन शेणानं सारवली. रांगोळी काढली. आणि घरातला सागवानी पाट आणून नळीखाली मांडला. आपल्याकडे मानाचं माणूस आलं की त्याला पाट द्यायचा. माय काही गिरणीत पाटावर बसणार नव्हती, मग निदान तिचा डबा तरी पाटावर बसावा, एवढाच त्याचा हेतू. यात कोणाचं काही चुकलं असं आजही म्हणता येत नाही.

माय आली. रांगेतल्या बायांनी वाट दिली. इंजिन पुक पुक करू लागलं, पट्टा फिरला, ज्वारी वरून पडली आणि नायलॉनच्या नळीतून पीठ सरसर घसरत पाटावरच्या डब्यात पडू लागलं. पंजाबराव हात जोडून उभा. डबा भरला. माय वाकली आणि डब्याच्या काठाला हात लावला.

टक्!

निळी ठिणगी सगळ्यांनी पाहिली. माय उडाली ती थेट मागच्या रांगेतल्या सोजराबाईच्या गव्हाच्या टोपल्यात बसली. डोईवरचा पदर खाली, एक पाय वर. मग दारात टेकून उभा असलेला भाऊराव ओरडला, “अरे बापा! म्हातारीले गिरणी चावली!”

आणि सगळी रांग हसली. बाया पदरात तोंड घालून हसल्या, माणसं उघड्या तोंडानं हसली.

जनकाबाईनं पदर घेतला, गव्हाचे दाणे झटकले, डबा तिथंच सोडला आणि गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे पंजाबरावच्या घरात जातं घरघरू लागलं. पंजाबराव अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडला होता. बायको आशाबाई शेजारून म्हणाली, “आता सोडा न तो नाद.”

“सोडतो कसा?” पंजाबराव उठून बसला. “तो झटका काढतो मी गिरणीतून. मंग माईले नेतो. तिनं लोकाईसमोर त्या डब्याले हात लावला पाह्यजे, अन् काई झालं नाई पाह्यजे.”

मग त्यानं जे केलं ते रागात केलं, म्हणून नीट झालं नाही. रांगेत कुजबुज होती, की म्हातारीच्या एकटीच्या डब्याला पाट काऊन? म्हणून त्यानं जाहीर केलं की आजपासून प्रत्येक डबा पाटावर बसेल. झालं. आठवडाभरात गावातल्या झाडून सगळ्या बाया उडाल्या. पाटलाची सून उडाली, बौद्धवाड्यातली सोजराबाई उडाली, कोणाच्या घरी कोण पाणी पितं ते झटका विचारत नव्हता. एकदा रांगेतल्या बाया एकमेकींचे हात धरून गप्पा मारत होत्या, तर पहिलीनं डब्याला बोट लावलं आणि शेवटची म्हणाली, “आई गं, चिमटा कोणं काढला व?”

आशाबाई हे सगळं सासूला सांगायची, की मामी, आता सगळ्याइलेच बसते. सासू म्हणायची, “मले समजवाले सांगतं तू. माह्यासमोर तं कोणी नाई उडालं.”

सल्ला द्यायला भाऊराव सगळ्यात पुढे. हा भाऊराव रेल्वेत सांधेवाला होता आणि पेन्शन घेऊन गावी आला होता. रेल्वेत राहिलेल्या माणसाला सगळ्या यंत्रांचं कळतं असं त्याचं मत होतं.

“पंजाबभाऊ, रबरातून वीज जात नाई. हे तं मान्य?”

“मान्य.”

“मंग पाटाखाली रबर टाक न!”

पंजाबरावनं ट्रकच्या जुन्या टायरचा तुकडा पाटाखाली टाकला. भाऊरावचं म्हणणं सोळा आणे खरं निघालं. रबरातून वीज गेली नाही. ती कुठंच गेली नाही, डब्यातच बसून राहिली आणि वाढत राहिली. आता ठिणगी बोटभर लांब निघू लागली. स्वतः भाऊराव डबा उचलायला गेला आणि दारातल्या खाटेवर जाऊन आडवा झाला. तिथून तो म्हणाला, “रबर नकली हाय.”

शेवटी पंजाबराव शाळेत गेला, दयाराम गुरुजींकडे. हे सोजराबाईचे मालक. बायको उडाल्यापासून त्यांचंही या गोष्टीकडे लक्ष होतं. गुरुजी गिरणीत आले, नळी पाहिली, पाट पाहिला, टायर पाहिलं आणि टायर पुन्हा एकदा पाहिलं.

“पंजाबराव, गिरणी वीज तयार करून राहिली असं वाटते तुम्हाला?”

“मंग येते कुठून?”

“कुठून येत नाही. ती होतीच. पिठातही होती, कापडातही होती. दोन उलट तऱ्हेची वीज सारखी-सारखी मिसळून असते, म्हणून कळत नाही. पीठ नायलॉनला घासत खाली येते, तेव्हा एकाजवळची थोडी दुसऱ्याजवळ जाते. नळीत एका तऱ्हेची उरते, डब्यात दुसऱ्या तऱ्हेची जमते. डब्यात जेवढी जास्त, नळीत तेवढीच कमी. साऱ्याची बेरीज कराल तर पहिले होती तेवढीच. कणभर नवी नाही, कणभर गेली नाही.”

पंजाबराव कारकून होता, बेरीज त्याला लगेच पटली. “म्हणजे हलवाहलव. दोन कणग्या, इकडचं तिकडं.”

“बरोबर. अन् तुम्ही डबा पाटावर ठेवला, त्याखाली टायर. म्हणजे तिला परत जायची वाट बंद. मग पहिलं जे माणूस हात लावते, त्याच्या अंगातून ती जमिनीत उतरते. पाट काढा, साधी नळी लावा. झालं.”

इथं गुरुजींना वाटलं काम संपलं. पण पंजाबराव ताठ झाला.

“गुरुजी, नळी बहिणीच्या घरून आली. काढली तं ती म्हणंल, माहेरी माह्या नवऱ्याची किंमत नाई. अन् पाट तं बिलकुल नाई काढत. माह्या माईचा डबा पाटावर बसला होता. झटका बसला म्हणून आता पाटही काढला, असं गावानं म्हणावं काय? पाट राहीन, नळी राहीन, झटका जाईन. असं काई सांगा.”

गुरुजींनी डोकं खाजवलं. “मग एक तार घ्या. एक टोक डब्याला अन् गिरणीच्या लोखंडाला, दुसरं ओल्या जमिनीत. जे जमंल ते जमता जमता उतरून जाईल.”

तार आणली. एका टोकाला डब्याच्या काठाला अडकवायचा आकडा केला. पंजाबरावनं खोलीच्या कोपऱ्यात कुदळ मारली आणि गोजरबाई हातातलं सूप घेऊन आत आली.

“काय गाडून राह्यले पंजाबभाऊ?”

“काई नाई वैनी. डब्यातली वीज जमिनीत सोडतो.”

“कोणाच्या जमिनीत?”

पंजाबराव थांबला. जमीन गोजरबाईची होती.

“तुमची वीज माह्या जमिनीत सोडता? मांगं माहा आड हाय. पोहरा टाकाले गेली अन् आडानंच मले धरलं तं? म्हैस गाभण हाय माही.”

गुरुजींनी समजावलं, बाई, बेरीज शून्य आहे. घाबरण्यासारखं काही उरतच नाही.

“काईच उरत नाई न?” गोजरबाई म्हणाली. “मंग ते काईच नाई तुमच्या घरात सोडा.”

प्रकरण ग्रामपंचायतीत गेलं. मारुतीच्या पारामागे सोडावी, तर पुजारी म्हणाला देवाला झिणझिण्या येतील. शाळेच्या आवारात सोडावी, तर आयाबाया उठल्या. मसणवट्याची सूचना आली, तिला एका म्हाताऱ्यानं गंभीर हरकत घेतली की उठून बसले तर जबाबदार कोण. एक जण म्हणाला, सोडायची कायले, धरा न तिले, चौकात दिवा लावा. तेव्हा भाऊराव खरंच कुठूनसा बल्ब घेऊन आला. सगळे जमले. डब्याला बल्ब टेकवला, टक् झालं, भाऊराव बसला, बल्ब जसाच्या तसा. गुरुजी म्हणाले, एवढ्याशा विजेवर दिवा जळत नाही. सरपंचांनी ठराव लिहून घेतला की, ज्याची वीज त्याने आपल्या जागेत सोडावी.

आता पंजाबरावची जागा म्हणजे रस्त्यापलीकडचं त्याचं घर. आणि घरात बारा महिने ओली राहणारी जमीन एकच, मागच्या अंगणातली न्हाणी. तिथं माय अंघोळ करायची.

त्यानं तार गिरणीतून काढून रस्त्यावरून घरावर नेली. पहिल्याच दिवशी कुटारानं, म्हणजे भुशानं, भरलेली गाडी आली, तार कुटारात गुंतली आणि गाडीवान गिरणीचा डबा, पाट आणि टायर ओढत पार मारुतीपर्यंत गेला. त्याला वाटलं बैल थकले. पंजाबरावनं सगळं परत आणलं, बांबू रोवले, तार उंच केली. तिसऱ्यांदा बांबू वाकला तेव्हा त्यानं बाभळीचं खोड रोवलं. सोसायटीत लोक विचारू लागले, पंजाबराव, तारखातं काढलं काय? तो खाली मान घालून काम करी, आणि सुटी झाली की कुदळ घेऊन न्हाणीत.

“माह्या न्हाणीत काय पुरून राह्यला तू?” मायनं विचारलं.

“काई नाई माय.”

“काई नाई पुराले कुदळ लागते काय?”

पंजाबरावनं घाम पुसला. “माय, झटका पुरून राह्यलो. तू एक डाव चाल. आता काईच होत नाई.”

माय न्हाणीकडे, तारेकडे आणि लेकाच्या चिखलानं भरलेल्या हातांकडे पाहत राहिली. “मले नाई यायचं,” ती म्हणाली, आणि दळायला गेली. त्या दिवशी तिनं जातं मध्येच दोनदा थांबवलं. पंजाबरावनं मोजलं नव्हतं, त्याला नुसतं कळलं.

तार मात्र चालली. डबा पाटावर, पाट टायरवर, नळी नायलॉनची, आणि बाया बिनधास्त डबे उचलू लागल्या. मायच तेवढी येईना. आणि त्यात तालुक्याहून वीजखात्याचा साहेब आला. तारेची तक्रार कोणी केली ते कळलं नाही. गोजरबाई त्या दिवशी फार वेळ आडावर होती.

साहेब टोपीवाला, पिशवीत कागद, चेहरा शांत. गिरणी चालू होती, बायांची रांग होती. बातमी कळून सरपंच, भाऊराव, गुरुजी, सगळे जमले.

“ही तार तुम्ही सार्वजनिक रस्त्यावरून नेली. परवाना?”

“साहेब, ह्या तारेतून वीज जात नाई.”

“मग काय जाते?”

पंजाबरावनं गुरुजींकडे पाहिलं. “हलवाहलव जाते.”

साहेबानं लिहिलं. “झटके कोणाकोणाला बसत होते?”

“जो डबा उचलंल त्याले.”

“म्हणजे साऱ्या गावाला?”

“हाव, साऱ्या गावाले,” भाऊराव अभिमानानं म्हणाला. “भेदभाव नाई.”

साहेबानं टोपण लावलं. “म्हणजे गावात वीजपुरवठा सुरू आहे. मग ग्रामपंचायतीनं विजेसाठी अर्ज कशाला केला? तो निकाली काढावा लागेल.”

सरपंचांनी पंजाबरावकडे डोळे वटारून पाहिलं. माईसाठी केलेल्या गोष्टीपायी आता गावाचे दिवे जाणार होते. पण तो मागे हटला नाही. इतकं खणून झाल्यावर माणसाला मागे हटायची जागाच उरत नाही.

“साहेब, स्वतः पाहा. डब्याले हात लावा. काई हाय काय?”

साहेबानं दोन बोटं टेकवली. काही नाही.

“वीज नाही,” साहेब म्हणाला.

“नाई न!” सरपंच म्हणाले.

“मग तारेची गरज काय? वीज नसेल तर तार बेकायदा अडथळा आहे. काढा.”

“साहेब, तार हाय म्हणून वीज नाई. तार काढली तं—”

“काढा म्हटलं न.”

पंजाबरावनं डब्याचा आकडा सोडला. इंजिन चालू होतं, नळीतून सोजराबाईचं पीठ सरसर पडत होतं. साहेबानं दोन ओळी लिहिल्या. मग खात्री करावी म्हणून डबा सरळ दोन्ही हातांनी धरला.

टक्!

साहेब उडाला. टोपी पिठात गेली, कागद वर गेले आणि साहेब मागच्या गव्हाच्या टोपल्यात बसला. एक पाय वर. रांगेतलं कोणी हसलं नाही. सरकारी माणसाला हसायचं कसं, ही पंचाईत होती. त्या शांततेत दारातून एकच हसणं आलं. म्हातारं, दात नसलेलं, आणि थांबता थांबेना असं.

जनकाबाई उंबऱ्यात उभी होती. एवढा गाव कशाला जमला म्हणून पाहायला आली होती. ती पदरानं डोळे पुसत होती आणि हसत होती. मग बाकीचे सगळे हसले, भाऊराव तर खाटेवरून पडला.

“साहेबालेबी बसला काय रे पंजाब?”

“हाव माय.”

माय आत आली. साहेबाला हात देऊन उठवला. “लागलं तं नाई बापा? मलेबी असाच बसला होता. आंग झिणझिणते थोडंसं, मंग काई नाई.” मायनं त्याची टोपी पिठातून काढून, झटकून त्याच्या डोक्यावर ठेवली. मग ती लेकाकडे वळली आणि हळू बोलली, पण जवळच्यांना ऐकू गेलं.

“मले झटक्याचं काई नव्हतं रे. तो एकटीलेच बसला होता, त्याचं होतं.”

इतके दिवस पंजाबराव डब्यातून जे काढत होता ते डब्यात नव्हतंच. माईनं सांगितलं, “ती तार लाव पहिले. अन् घरून ज्वारीची टोपली आण माही.”

साहेबानं पाणी पिऊन अहवाल लिहिला. गावात वीज नाही, अर्ज कायम ठेवावा. रस्त्यावरील तार कपडे वाळत घालण्याकरिता आहे. पुढे तालुक्याचं कोणी आलं की पंजाबराव पळत जाऊन तिच्यावर धोतर टाकायचा.

माईची ज्वारी दळली. डबा पाटावर होता. तिनं सगळ्यांसमोर काठाला हात लावला. काही झालं नाही. तिनं तो हात थोडा वेळ तसाच ठेवला, मग डबा कमरेवर घेतला आणि रांगेतून घरी गेली. त्या दिवशीच्या भाकरीला तिनं नावं ठेवली, पीठ जाड आहे म्हणाली, चटका लागला म्हणाली, आणि दोन खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे जातं वाजलं नाही. उन्हाळा येईपर्यंत तिच्या उजव्या हाताची बोटं बरीचशी उघडू लागली.

जनकाबाई एकोणीसशे सत्तर साली, माघ महिन्यात, वारली.